गाडीवरची मटका कुल्फी घरी जमवताना

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी उन्हाळ्यात गारवा विकणारे दोघे जण येत आणि दोघांच्या वेळा ठरलेल्या असत. भर दुपारी सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी बांधलेला गारीगारवाला येई. सुटे पैसे नसले तरी त्याच्याकडे ओंजळभर ज्वारीवर किंवा तुटक्या चपलेवर गारीगार मिळे. दिवेलागणीनंतर कुल्फीवाल्याची हातगाडी येई. तिच्यावर ओल्या लाल कापडात गुंडाळलेला माठ आणि मिणमिणता कंदील असे, आणि घंटी वेशीपाशी वाजली की भरल्या ताटावरून उठू नये हा घरचा नियम आमच्यापुरता मोडीत निघे. गारीगार म्हणजे रंग, गोडी आणि पाणी. ते घरी करण्यात फारसे काही नाही. कुल्फी मात्र करण्यासारखी आहे, आणि ती त्या गाडीवरच्यासारखी लागावी असे वाटत असेल तर फ्रीजर बाजूला ठेवून माठच काढावा.

याचे कारण साधे आहे. फ्रीजरमध्ये कुल्फी गोठायला सहा ते आठ तास लागतात, आणि मिश्रण जितके सावकाश गोठते तितके त्यातले बर्फाचे कण मोठे होतात. खाताना दाताखाली जी कचकच लागते ती त्याच कणांची. माठात साचा मीठ-बर्फाच्या गाळात चहूबाजूंनी बुडालेला असतो, त्यामुळे तेच काम तासा-दीड तासात उरकते आणि कुल्फी दाट, गुळगुळीत राहते.

दूध म्हशीचे घ्यावे. गावात कोणाकडे मराठवाडी म्हैस असेल तर उत्तमच, नाहीतर सहा टक्के स्निग्धांशाचे पिशवीतले दूधही चालते. दोन लिटर दूध जाड बुडाच्या पसरट कढईत मध्यम आचेवर ठेवावे आणि कडेला धरणारी साय उलथन्याने पुन्हा पुन्हा दुधात खरवडत, ते निम्म्याच्या किंचित खाली येईपर्यंत आटवावे. याला दीड तास तरी लागतो आणि या वेळेत दुसरे काम काढू नये, कारण दूध एकदा बुडाला लागले की तो करपट वास वेलदोड्यानेही झाकला जात नाही. शेवटी 100 ग्रॅम खवा हाताने कुस्करून घालावा. भूम किंवा कुंथलगिरीकडून कोणी येणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवावे, तिथल्या खव्याचे नाव उगाच झालेले नाही. मग 150 ग्रॅम साखर आणि सहा-सात वेलदोड्यांची पूड. कोमट मिश्रण चाखल्यावर थोडे जास्त गोड वाटले पाहिजे, कारण थंडपणात जिभेला गोडी कमी जाणवते. मात्र साखरेचा हात फार सैल सोडला तर कुल्फी घट्टच होत नाही. काही जण दाटपणासाठी आरारूट किंवा पावाचा चुरा घालतात. आमचा कुल्फीवालाही घालत असावा. पण त्याला दुधाचे पैसे वाचवायचे होते, आपल्याला नाही.

मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच साच्यांत ओतावे, नाहीतर बर्फ ते गार करण्यातच संपतो. साचे अॅल्युमिनियमचे किंवा पत्र्याचे, झाकणाचे असावेत. प्लास्टिकमधून थंडी लवकर आत पोचत नाही. साचा पाऊणच भरावा, कारण गोठताना मिश्रण फुगते. झाकण लावल्यावर फटीभोवती घट्ट भिजवलेल्या कणकेची वळी दाबून बसवावी. मी पहिल्या खेपेस साचे काठोकाठ भरले आणि कणकेचा कंटाळा केला, तेव्हा झाकणे उचलली जाऊन खारे पाणी आत गेले आणि पाहुण्यांपुढे बारापैकी सात कुल्फ्या खारट निघाल्या.

आता बर्फ. बर्फाच्या कारखान्यातून किंवा रसवंतीवाल्याकडून चार किलोचा तुकडा आणावा, त्याला चिकटलेला लाकडाचा भुसा धुऊन टाकावा आणि पोत्यात घालून बत्त्याने सुपारीएवढे तुकडे होईपर्यंत कुटावा. त्यासाठी एक किलो जाडे मीठ लागते. बारीक मीठ एकदम विरघळते, जाडे सावकाश काम करते. मीठ लागताच बर्फ वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता तो शेजारच्या साच्यांतून ओढून घेतो. शिवाय खारे पाणी शून्य अंशाला गोठत नसल्याने हा गाळ शून्याच्या बराच खाली उतरतो. मीठ आणि बर्फाचे प्रमाण अगदी जुळले तर उणे 21 अंशांपर्यंत. घरच्या माठात तो त्याच्या बराच अलीकडे थांबतो, पण कुल्फीला तेवढे पुरते.

रुंद तोंडाच्या माठात तळाला चार बोटे बर्फ, त्यावर मूठभर मीठ, मग टोके खाली करून साचे, पुन्हा बर्फ आणि मीठ असे थर द्यावेत. माठाला ओले गोणपाट गुंडाळावे. आपल्याकडची चैत्र-वैशाखातली हवा इतकी कोरडी असते की गोणपाटातले पाणी भराभर उडते आणि बाहेरचे बेचाळीस अंश माठापर्यंत पोचत नाहीत. गाडीवरच्या त्या लाल कापडाचे काम हेच होते. गोणपाट सुकले की पुन्हा भिजवावे. पहिली वीस मिनिटे माठ दोन्ही हातांनी अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे असा सतत हलवत राहावा, म्हणजे साच्याच्या आत कडेला धरलेला थर मधल्या मिश्रणात मिसळतो. हे काम मुलांना आनंदाने द्यावे. नंतर दर दहा मिनिटांनी चार-पाच हेलकावे पुरतात. साठलेले खारे पाणी मध्येच ओतून देऊ नये, कारण बर्फाच्या खड्यांपेक्षा तेच साच्याला नीट बिलगते. तासाभराने एक साचा काढून कानाशी हलवावा. आत डुचमळ ऐकू आली तर आणखी पाव तास थांबावे.

उघडण्यापूर्वी साचा साध्या पाण्याने बाहेरून नीट धुवावा, कणीक सोलून टाकावी आणि तळव्यांत भराभर फिरवून कुल्फी सोडवावी. बांबूची काडी खोचली तरी चालते, पण वैशाखात पळसाची पाने पुरेशी मोठी झालेली असतात. पानावर आडवी ठेवून सुरीने तिच्या चकत्या करून दिल्या, तर आमच्या वयाच्या माणसांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

माठात उरलेले खारे पाणी परसातल्या झाडांना घालू नये. काळ्या जमिनीत मीठ मुरले की ते सहजी निघत नाही. पसरट घमेल्यात ओतून ते पत्र्यावर ठेवले, की आपल्याकडच्या उन्हात चार-पाच दिवसांत पाणी उडून मीठ तळाला बसते. ते खरवडून बरणीत भरावे आणि बरणीवर ‘कुल्फीचे’ असे लिहून ठेवावे, म्हणजे कोणी ते भाजीत घालणार नाही.