लॅमिनेट केलेली पदवी आणि दुबईची नोकरी

पन्नाशीनंतर इंग्रजी शिकवायला कुटुंबासह दुबई-अबूधाबीला निघालेल्यांचं घोडं अनेकदा जुन्या, लॅमिनेट केलेल्या पदवीपाशी अडतं. साक्षांकनाचा, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी खात्रीचा, शिक्का आणि स्टिकर मूळ कागदावर लागतो, प्लॅस्टिकवर नाही. घरी इस्त्री फिरवून ते सोलायला जाऊ नका. शाई आणि कुलगुरूंची सही त्याबरोबरच निघून येते.

१. ऑफर लेटरची वाट न बघता विद्यापीठात डुप्लिकेट पदवीचा अर्ज टाका. बी.एड.ही लॅमिनेट असेल तर तिचाही.

२. आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन. पदवी शिक्षण खात्याकडून जाते, विवाह नोंदणी दाखला आणि मुलांचे जन्मदाखले वेगळ्या खात्याकडून. पुढे सगळ्यांना भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातींचा दूतावास, आणि तिकडे पोहोचल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय.

३. घरच्यांचे दाखले पदवीबरोबरच पाठवा. जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा त्यांच्यावरच निघतो, आणि मागाहून करायचं तर मूळ कागद पुन्हा भारतात पाठवावे लागतात.

एजंट 'अपोस्टिल करून देतो' (म्हणजे दूतावासात न जाता चालणारं साक्षांकन) म्हणाला तर पैसे देऊ नका. ओमानला ते चालतं, अमिरातींना नाही.