शटडाउन दिलं तरी कॉम्प्युटर बंद होत नाही? दोष असा शोधा

शटडाउन दिलं, स्क्रीन काळी झाली, तरी पंखा फिरतोय आणि पॉवरचा दिवा चालूच. अशा वेळी थेट प्लग काढू नका. डिस्कवर काही लिहिणं चालू असेल तर फायली खराब होतात.

आधी घोडं कुठे अडतंय ते पाहा. 'शटिंग डाउन' लिहिलेलं आणि गोल चक्र दिसत असेल, तर विंडोजच अजून बंद झालेलं नाही. अपडेट चालू असेल तर मुकाट्याने वाट पाहा. स्क्रीन काळी होऊनही पंखा थांबत नसेल, तर पुढचं वाचा.

माझा पहिला संशय नेहमी फास्ट स्टार्टअपवर असतो. ही सोय विंडोज ८ पासून आली. हिच्यामुळे शटडाउनच्या वेळी विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी मशीन लवकर सुरू होतं. एखाद्या ड्रायव्हरला (विंडोजला हार्डवेअरशी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) हे झेपत नाही आणि तो अडून बसतो.

खात्री करणं सोपं आहे. शिफ्टचं बटण दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा. असं केल्यावर मशीन पूर्ण बंद होतं. या वेळी ते नीट बंद झालं, तर चोर सापडला.

मग कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' वर जा. खालची चौकट फिकी दिसेल, म्हणून आधी वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक करा, 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढा आणि सेव्ह करा. मशीन सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच.

तरीही फरक नाही? कीबोर्ड-माउस सोडून यूएसबीची सगळी उपकरणं काढा आणि पुन्हा शटडाउन देऊन पाहा. बंद झालं, तर एकेक जोडत जा.

त्यानंतर चिपसेटचे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सचे, ड्रायव्हर अपडेट करा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर मॅनेजमेंट इंजिन या इंटेलच्या चिपसेटमधल्या भागाचाही. ते मशीन बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' प्रोग्रामांच्या नादी लागू नका. बायोसचं (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचं) अपडेट शेवटी, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच.

तोवर अडलेलं मशीन बंद करायचं तर पॉवर बटण किमान ४ सेकंद दाबून ठेवा; काही लॅपटॉपना १० सेकंदही लागतात. हे काम हार्डवेअर करतं, विंडोजचा त्यात संबंध नाही. तेव्हा एवढं करूनही पंखा थांबला नाही, तर बटण किंवा मदरबोर्ड तपासून घ्या.