टूलचं वर्णन एजंटला नीट कळतंय का, हे कसं तपासायचं

एजंट म्हणजे असं भाषेचं मॉडेल, जे आपण जोडून दिलेली टूल्स, म्हणजे कोडमधली फंक्शन्स, गरजेप्रमाणं चालवतं. पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णनाच्या दोन-चार ओळी आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या प्रकारात द्यायची त्याचा आराखडा), बास. साधं फंक्शन कॉलिंग घ्या नाहीतर २०२४ च्या नोव्हेंबरात आलेलं एमसीपी (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची सामाईक पद्धत) घ्या, सगळीकडं हेच.

मी सांगलीत एका अडत दुकानासाठी एजंट बनवला, शेतकऱ्यांच्या मेसेजला उत्तरं द्यायला. त्यात 'गेट रेट' नावाचं टूल होतं, वर्णन एवढंच की "मालाचा दर देते". शेजारी 'गेट पट्टी', वर्णन "पट्टी दाखवते" (पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारा हिशेबाचा कागद). मला दोन्ही अगदी स्पष्ट वाटत होती कारण कोड मीच लिहिलेला. एका शेतकऱ्यानं विचारलं, "माझी हळद काय भावानं गेली?" आणि एजंटनं गेट रेट चालवून त्याला आजच्या सौद्याचा सरासरी दर सांगितला. त्याचा माल तर तीन दिवसांपूर्वीच विकलेला, त्याला लागलेला भाव पट्टीत होता. लॉगमध्ये एकही एरर नाही, आकडाही खराच, फक्त त्या माणसाचा नाही. असल्या चुका आपोआप कधीच सापडत नाहीत, मुद्दाम शोधाव्या लागतात.

म्हणून आधी प्रश्न गोळा करा, आणि ते स्वतः रचू नका, मॉडेलकडूनही रचून घेऊ नका, कारण मग वर्णनातलेच शब्द प्रश्नात येतात आणि सगळं पास होतं. मी दोन दिवस दिवाणजींच्या शेजारी बसून फोनवर येणारे प्रश्न जसेच्या तसे वहीत उतरवले. "पट्टी झाली का", "सौदा निघाला का", "किती पडला". प्रत्येक प्रश्नापुढं कुठलं टूल चालायला पाहिजे आणि कुठल्या व्हॅल्यू जायला पाहिजेत ते टेस्टच्या आधी लिहून ठेवा, नंतर लिहिलं तर एजंटचं उत्तर बघून आपलं मत फिरतं. यात असेही प्रश्न पाहिजेत जिथं टूल चालूच नये (हळदीला पाणी किती दिवसांनी द्यायचं), आणि असेही जिथं एजंटनं उलट विचारायला पाहिजे, म्हणजे तीन लॉट असलेला माणूस नुसतं "माझा माल गेला का" म्हणतो तेव्हा.

मग खरी टूल्स न जोडता, ठरलेलं उत्तर देणारी डमी टूल्स लावून, प्रत्येक प्रश्न निदान पाच वेळा चालवा. एकदा बरोबर आलं म्हणून खूश होऊ नका, पाचात तीनदा बरोबर म्हणजे दोन शेतकऱ्यांना चुकीचा आकडा गेला. एक राऊंड वर्णनं पूर्ण कोरी ठेवून नुसत्या नावांवर पण चालवा. दोन्हीतला फरक म्हणजे तुमच्या वर्णनाची खरी कमाई.

मार्क देताना एकच टक्का काढू नका. टूल चालवायला हवं होतं का, बरोबर टूल निवडलं का, व्हॅल्यू बरोबर भरल्या का, हे वेगवेगळं मोजा. टूल निवडण्यासाठी एक तक्ता करा, आडव्या ओळीत बरोबर टूल, उभ्या रकान्यात निवडलेलं, म्हणजे कुठल्या दोन टूल्सची सरमिसळ होते ते लगेच दिसतं.

व्हॅल्यूंमध्ये मला सगळ्यात जास्त त्रास युनिटचा झाला. हळदीचा भाव क्विंटलला बोलतात, बेदाण्याचा किलोला. "हळद पंधराच्या वर गेली की सांगा" म्हणलं की एजंटनं अलर्टमध्ये १५ भरलं, कारण पॅरामीटरवर नुसतं 'नंबर' लिहिलेलं. मग लिहिलं: "हळद रुपये प्रति क्विंटल, बेदाणा रुपये प्रति किलो, हळदीसाठी पंधरा म्हणजे १५०००." मालाच्या रकान्यात कधी 'राजापुरी' (हळदीची जात) यायचं कधी 'हळद', तिथं मोकळा मजकूर काढून एनम, म्हणजे ठरलेल्या नावांची यादी, लावला.

दुरुस्ती एका वेळी एकाच वर्णनाची करा आणि दरवेळी सगळेच्या सगळे प्रश्न परत चालवा. मी पट्टीच्या वर्णनात "भाव विचारला की हे वापर" घातलं तर "आज भाव काय" हा प्रश्नही तिकडंच जायला लागला. शेवटी हे चाललं: "शेतकऱ्याच्या स्वतःच्या विकलेल्या लॉटला लागलेला भाव, वजन, कपात. आजचा बाजारभाव पाहिजे असेल तर गेट रेट वापर." दुसऱ्या टूलची हद्द सांगणारं ते वाक्य फार कामाचं आहे. पण वर्णनं प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जातात, टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांच्यावर मॉडेलचा खर्च मोजतात) खातात, म्हणून एकेक वाक्य काढून बघा, मार्क उतरले नाहीत तर ते वाक्य नकोच.

आणि एक तृतीयांश प्रश्न सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा, दुरुस्ती चालू असताना त्यांच्याकडं बघायचंच नाही, नाहीतर वर्णन तेवढ्याच प्रश्नांसाठी घासून घासून बसवलं जातं. मॉडेल बदललं की सगळं पहिल्यापासून चालवायचं, नव्या हळदीचा सीझन सुरू झाला की परत एक दिवस दिवाणजींकडं वही घेऊन बसायचं.