खेड्यात घर घेताय? आधी चर्चच्या दारातला नोटीसबोर्ड वाचा

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या या भागात यंदा दोन नवीन मराठी कुटुंबं आलीत, दोघांनी मला कढीपत्ता कुठे मिळतो तेवढं विचारलं. तो मिळेल हो. पण "आपला चर्चशी काय संबंध" हे आधी डोक्यातून काढा. इथलं पॅरिश चर्च म्हणजे ग्रामदैवताचं देऊळ समजा, श्रद्धा असो नसो, गाव तिथेच भेटतं.

पहिलं शाळेचं. आमच्या गावची प्राथमिक शाळा चर्च ऑफ इंग्लंडची, व्हॉलंटरी एडेड, म्हणजे प्रवेशाचे नियम शाळाच ठरवते, जागा कमी पडल्या की चर्चला नियमित येणाऱ्यांची पोरं आधी, आणि त्यासाठी वेगळा फॉर्म, त्यावर व्हिकरची, म्हणजे गावच्या चर्चच्या पाद्र्याची, सही. शेवटची तारीख 15 जानेवारी, आम्ही 14 च्या रात्री ऑनलाइन अर्ज भरून निवांत झोपलो, तो दुसरा फॉर्म असतो हेच माहीत नाही. मग सात वर्षं पोराला लांबच्या शाळेत सोडा-आणा, माझी फुलटाइम नोकरी त्यातच गेली. सगळ्या चर्चच्या शाळा असं करत नाहीत, म्हणूनच घर बघायच्या आधी त्या शाळेचे प्रवेशाचे नियम वाचा. घर घेतल्यावर नाही, आधी!

व्हिकर एक आणि चर्चं चार-पाच, त्यामुळे कुठल्या रविवारी प्रार्थना कुठे ते बोर्डावरच कळतं. नंतरच्या चहाला थांबा, प्लंबर मला तिथेच मिळाला. आठवड्यातून एका संध्याकाळी घंटांचा सराव असतो, टॉवरला लागून घर घ्यायचं आणि मग आवाजाची तक्रार करायची हे आपल्याच एकाने केलंय, अजून लोक त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. त्यापेक्षा वर जा, शिकवतात. दोराला लोकरीचा जाड भाग असतो, त्याला सॅली म्हणतात, सोडायच्या वेळी सोडा, धरून बसलात तर दोर तुम्हाला घेऊन वर जाईल.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी इथल्याच ईम (Eyam) गावाला जाच, प्लेगच्या आठवणीची प्रार्थना असते. 1665 मधे लंडनहून आलेल्या कापडातून तिथे प्लेग शिरला असं सांगतात. विल्यम मॉम्पेसन तिथला रेक्टर, म्हणजे पाद्री, त्याने आणि आधीच्या रेक्टरने, थॉमस स्टॅन्लीने, गावाला समजावलं की कोणी बाहेर जायचं नाही. चर्च बंद, प्रार्थना उघड्यावर घळीत. वेशीवरच्या दगडात खळगे आहेत, त्यात व्हिनेगर घालून नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी आणलेलं सामान उचलायचं. 1666 च्या ऑगस्टमधे मॉम्पेसनची बायको कॅथरीन गेली, तिची कबर चर्चच्या आवारातच आहे. माझी आजी पुण्याच्या 1897 च्या प्लेगच्या ऐकीव गोष्टी सांगायची, त्या कबरीपाशी मला त्याच आठवल्या.

चर्चच्या सुगीच्या जेवणाला (हार्वेस्ट सपर) काहीतरी करून न्या. माझ्या नारळाच्या वड्या तासात संपतात. काजू घातले असतील तर डब्यावर लिहा, आणि डबा त्याच रात्री परत आणा, माझे तीन अजून चर्चच्या किचनमधेच आहेत.