ऊन आणि धूळ एकाच दिवशी येतात, विदर्भवाल्यांनी सकाळीच करून ठेवायची तयारी

नागपूर, चंद्रपूर, अकोला पट्ट्यात मे महिन्यात सगळे फक्त आकडा बघतात, आज ४४ की ४५, आणि मोबाईल ठेवून देतात. पण दिवस बऱ्याचदा दोन भागांचा असतो, चार-साडेचारपर्यंत भाजून काढणारं ऊन आणि मग एकदम आभाळ काळं होऊन वारा-वावधन अन् धूळ, आणि या दुसऱ्या भागाची तयारी सकाळीच करावी लागते कारण तो आला की हातात वेळच नसतो.

म्हणून सकाळी चहासोबत हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज बघा, आधी रंग, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. मग मेघगर्जना आणि ताशी ४०-५० किमी वाऱ्याची ओळ आहे का ते शोधा, उन्हाच्या नादात नेमकी तीच सुटते. रात्रीचं किमान तापमानही बघा, रात्र थंड झाली नाही तर म्हाताऱ्या माणसांचं शरीर सावरतच नाही. आणि फॉरवर्ड आलेल्या आकड्याने घाबरू नका, मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका ऑटोमॅटिक केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग कळलं की सेन्सर बिघडला होता. मात्र खात्याचा खरा आकडासुद्धा सावलीत मोजलेला असतो, टिनाखाली किंवा डांबरी रस्त्यावर तुम्हाला त्याहून जास्तच लागणार. दुपारनंतर नाउकास्ट म्हणजे खात्याचा तातडीचा अंदाज बघत राहा, तो पुढच्या तीनेक तासांचाच असतो पण वादळासाठी सगळ्यात कामाचा तोच, आणि विजांसाठी दामिनी ॲप ठेवा.

पाणी भरून ठेवा, माठ आणि वरची टाकी दोन्ही, कारण वादळात लाईन गेली की मोटर बंद. पॉवर बँक, टॉर्च चार्ज करून ठेवा. ओआरएसची पाकिटं घरात हवीतच, ताक-पन्हं आहेच.

आता कूलर, यावर मी जरा जास्त बोलणार कारण आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलंही. पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायचाच, ओल्या हाताने, अनवाणी पायाने लोखंडी बॉडीला हात लावायचा नाही, अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवता आला तर बसवाच. खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढतो, म्हणजे धुळीच्या वादळात तो चालू राहिला की सगळी धूळ घरात, म्हणून वारा सुटताच बंद करा आणि खिडक्या लावा. घरात दम्याचं कुणी असेल तर इन्हेलर हाताशी आणि एन-९५ मास्क जवळ.

गच्चीवरचे पापड-कुरडया, सुटी टिनं, कुंड्या दुपारीच आवरा. गावाकडे कुटारावरची (ढोरांच्या चाऱ्यावरची) ताडपत्री नीट बांधा, ढोरं झाडाखाली किंवा कच्च्या भिंतीशी बांधू नका. वारा एवढा अचानक का येतो तर तापलेल्या जमिनीवर ढग वर चढतात, खालची हवा कोरडी असल्याने त्यातला पाऊस जमिनीवर यायच्या आधीच वाळतो, त्याने हवा थंड अन् जड होऊन धाडकन खाली आपटते आणि समोरची धूळ उचलत निघते. म्हणजे उकाड्यात एकदम गार झुळूक आली तर अंगणात उभं राहू नका, आत चला.

गाडीवर असाल तर डोळ्याला चष्मा, तोंडाला दुपट्टा, आणि समोरचं दिसेनासं झालं तर पक्क्या इमारतीत थांबा, होर्डिंगखाली किंवा झाडाखाली नाही. १३ मे २०२४ ला मुंबईत असंच धुळीचं वादळ आलं तेव्हा घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले.

ऊन लागलेल्याची खूण पाठ ठेवा, माणूस असंबद्ध बोलतो, अंग तापतं, कधी घामही थांबतो. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला, १०८ लावा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. वादळ गेल्यावर पडलेल्या तारेजवळ कुणाला जाऊ देऊ नका, वीज कंपनीला कळवा, आणि शेजारी एकटे राहणारे काका-काकू असतील तर एक चक्कर मारून या.