फेब्रुवारीत गेलात तर सडा दिसतच नाही

एम.एस्सी. झाल्यावर माझं पहिलं काम होतं सातारा जिल्ह्यातल्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर. पवनचक्क्या उभ्या राहण्याआधी तिथल्या वनस्पतींची नोंद करायची होती. काम देणाऱ्यांना अहवाल मार्चअखेर हवा होता, म्हणून आम्ही फेब्रुवारीत वर गेलो. काळाकुळकुळीत कातळ, वाळलेलं गवत, कडेला करवंदीच्या जाळ्या. दोन दिवसांत यादी संपली. अहवालात ‘झाडोरा विरळ’ असं लिहिलं गेलं आणि खाली माझीही सही होती.

ते वाक्य मनातून जाईना, म्हणून ऑगस्टमध्ये मी पदरचे पैसे घालून पुन्हा गेले. फेब्रुवारीत ज्या भेगाळलेल्या खळग्याच्या काठी बसून डबा खाल्ला होता, तो घोटाभर पाण्याने भरला होता आणि त्यातून वायतुऱ्याचे दोन फाट्यांचे गुलाबी तुरे वर आले होते. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, नावातच सातारा. काठाने गेंदाची पांढरी बटणं, त्यांच्यात सीतेची आसवं, ओल्या मातीवर दवबिंदू या कीटकभक्षी रोपाची चिकट लाल पानं. वायतुऱ्याचे कंद फेब्रुवारीतही तिथेच होते, आमच्या पायांखाली.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी सडा म्हणजे बेट समजावं. समुद्राच्या जागी चहूकडे दऱ्या. जांभ्याचा कातळ, माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. जुलैत सगळीकडे पाणी, एप्रिलमध्ये तापलेला तवा. इथे तगणाऱ्या कित्येक वनस्पती खालच्या रानात तगत नाहीत आणि दरी ओलांडून त्यांचं बी पलीकडच्या सड्यावर पोचणं अवघड. प्रदेशनिष्ठ, म्हणजे ठरावीक प्रदेशाबाहेर कुठेच न आढळणाऱ्या जाती इथे इतक्या सापडतात त्या यामुळेच. कासला २०१२ मध्ये जागतिक वारशात स्थान मिळालं, पण असेच जांभ्याचे सडे चाळकेवाडीच्या अंगालाही आहेत आणि तिथे पवनचक्क्या केव्हाच फिरू लागल्या.

पर्यावरण मंजुरीच्या अभ्यासात बहुतेकदा पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती मागतात. धूळ मोजायला ते ठीक आहे. सड्याचं मात्र वर्षभराचं जगणं त्या सोडून दिलेल्या चार महिन्यांतच उरकतं. शिवाय ही मंजुरी कोणत्या प्रकल्पांना लागते ते सांगणाऱ्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत पवनचक्क्या नाहीतच, त्यामुळे नीट पाहणी करायची की नाही हे पुष्कळदा काम देणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. म्हणून काम घेतानाच तीन फेऱ्या लिहून घ्या: जूनअखेर, ऑगस्ट आणि सप्टेंबरअखेर. पहिल्या फेरीत कंदवर्गीय फुलं मिळतात, शेवटच्या फेरीत गवतं आणि बिया.

कातळात खुंटी ठोकता येत नाही. त्यामुळे आतल्या वनस्पती मोजायची एक मीटरची चौकट पीव्हीसी पाइपची करून घ्या, सुटी करून पाठीवर नेता येते. ती डोळे मिटून कुठेही टाकू नका. उघडा कातळ, भेगा, डबकी, मातीचा पातळ थर या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चौकटी घ्या, कारण चार पावलांवर यादी बदलते. नोंदी पेन्सिलने करा, शाई धुईत फुटते. वाळवायला ठेवलेल्या नमुन्यांचे वर्तमानपत्राचे कागद दिवसातून दोनदा तरी बदला, नाहीतर रात्रीत बुरशी धरते. गेंदाला जागेवर जातीचं नाव देण्याचा मोह आवरा; फूल आणि बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहातल्या नमुन्यांशी ताडूनच ठरवा. मोजकीच रोपं असतील तर फोटो घ्या, कंद उपटू नका. आणि गुराख्याला विचारा, पाणी सगळ्यात शेवटी कुठे आटतं. मला सगळ्यात चांगली डबकी अशीच सापडली.

प्रकल्पाचा नकाशा हाती आला की आधी त्यावर पाण्याची वाट रेखून घ्या. चक्कीच्या पायाला जागा फारशी लागत नाही. लांबलचक पाती वर न्यायला रुंद रस्ता लागतो, त्याला मुरूम लागतो, कडेला गटार येतं. कातळावरून पसरत येणारं पाणी त्या गटारात जातं आणि ज्या डबक्याला कुणी हातही लावला नाही, ते सुकतं. आमच्या नकाशात रस्त्याची रेघ त्या वायतुऱ्याच्या खळग्याच्या बरोबर वरच्या अंगाने गेली होती. फेब्रुवारीत ती पाहूनही माझ्या काही लक्षात आलं नव्हतं. ऑगस्टचे फोटो आणि जीपीएसच्या नोंदी जोडून, रस्ता खळग्याच्या खालच्या अंगाने न्यावा, एवढंच मागणारं पुरवणी टिपण मी दिलं. ते पोचेपर्यंत मुरूम पडला होता. पुढच्या ऑगस्टला त्या खळग्यात नुसता ओलसर चिखल होता.