पिकअपला जादा लाइट लावताय? या चुका टाळा

पिंपळगाव बसवंतला टोमॅटो भरून रात्री वाशीला निघालेल्या पिकअप बघा. बंपरवर चार-चार लाइट असतात. त्यातले दोन बंद, एक मिणमिणता. ड्रायव्हरला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बल्बच लोकल निघाला." बल्ब बिचारा क्वचित दोषी असतो. घोळ तारेत असतो, नाहीतर अर्थमध्ये, म्हणजे लाइटची मायनस तार गाडीच्या लोखंडाला जोडतात तिथे.

माझ्या पहिल्या गाडीला फॉग लाइट बसवताना गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, रिलेला कशाला पैसे घालवता? डायरेक्ट देतो, फुल्ल उजेड पडेल." रिले म्हणजे स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी. मीही मान डोलावली. ऑगस्टमध्ये इगतपुरीच्या अलीकडे धुकं लागलं, लाइट लावले आणि थोड्याच वेळात केबिनमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास. नशीब, घाट लागायचा होता. हॉटेलसमोर गाडी घेतली, स्विचला हात लावला तर चटका बसला. बॅटरीवरून तार थेट स्विचला आणि तिथून लाइटला. रिले नाही, फ्यूज नाही.

हिशोब साधा आहे. 55 वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॉट. 12 व्होल्टने भागा, 9 अँपिअरच्या वर करंट जातो. डॅशबोर्डवरचा नाजूक स्विच तो किती दिवस झेलणार? रिले घातला की स्विचमधून पाव अँपिअरहूनही कमी जातो, जड काम रिले करतो. रिलेच्या 30 नंबरच्या पायाला बॅटरीची तार, 87 ला लाइट, 86 ला स्विचची तार, 85 ला अर्थ. पाच पायांचा रिले असेल तर मधल्या पायाकडे नीट बघा. त्यावर 87 ए लिहिलेलं असतं. लाइटची तार चुकून तिथे लागली की उलटी गंमत होते: स्विच बंद केला की लाइट लागतो, चालू केला की विझतो. आणि रात्री गाडी उभी करून घरी गेलात की सकाळी धक्का मारायला माणसं गोळा करा.

फ्यूज कुठे बसवायचा यात बरेच जण चुकतात. तो लाइटजवळ नव्हे, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज लाइटसाठी नसतोच, तारेसाठी असतो. फ्यूज लाइटजवळ असेल आणि तार मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणी वाली नसतो. 55 वॉटच्या जोडीला 15 अँपिअरचा पुरतो. तो उडतोय म्हणून 30 चा टाकणारे महाभाग मी पाहिलेत. मग फ्यूजऐवजी तार वितळते.

तार अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची) घ्या. एक एमएमची चार मीटर तार एवढ्या करंटला अर्ध्या व्होल्टहून जास्त खाते. हॅलोजनला ते फार झोंबतं: 12 ऐवजी 11 व्होल्ट मिळाले तर उजेड जवळपास चौथाईने घटतो. म्हणून मग लोक 100 वॉटचे बल्ब टाकतात, आणि होल्डर वितळतो.

आता अर्थ. माझ्याकडे 'लाइट मंद आहे' म्हणून आलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक हीच. अर्थची तार बंपरच्या रंगावरच स्क्रूने आवळलेली असते. स्क्रू काढला की खाली थिंबलवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) हिरवट बुरशी, तांबं काळं पडलेलं, एकेक केस तुटत आलेला. रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडा, थिंबल नीट दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस लावा. बंपरपेक्षा चेसिस बरी, आणि बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी तार ओढली तर उत्तम.

दोष शोधायला मल्टीमीटर पुरतो. लाइट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं लाइटच्या अर्थला लावा. शून्याच्या जवळ दिसलं तर अर्थ ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर बल्ब बदलू नका, अर्थ उघडा. तसंच एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं लाइटच्या प्लसला लावून तपासा. तिथेही अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तार, फ्यूज होल्डर किंवा रिले खातोय. रिले टिक करतो पण लाइट लागत नाही, तर आधी 30 ला करंट येतो का बघा, मग 87 ला.

पावसाळ्यात जोड दगा देतात. दातांनी सोलून पीळ दिलेली तार आणि वर काळी टेप, हे वॉशिंग सेंटरच्या प्रेशरसमोर टिकत नाही. जोडावर श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा, रिलेचे पाय खालच्या बाजूला ठेवा, पत्र्यातून तार नेताना भोकाला रबर बुश घाला.

फॉग लाइट बंपरवर, खालीच लावा. टपावरचा पांढरा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. शिवाय पुढे स्पॉटलाइट आरटीओच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. आणि रिकाम्या गाडीवर लाइट सेट करू नका. वीस किलोचे क्रेट भरले की मागचे पाटे बसतात, गाडीचं नाक वर होतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. मी भरलेली गाडी मार्केटच्या भिंतीसमोर उभी करतो, झोत दिव्यांच्या उंचीच्या खाली उतरला की मगच नट आवळतो.